फितीचं दुसरं टोक

पुण्याहून परतलो त्या आठवड्यात विहारात मंडळींनी मला गाठलं. "काय काय पाह्यलं मंग पुण्यात?" मी म्हणालो, "झाडं." किल्ला नाही, बाग नाही, लक्ष्मी रोडची खरेदी नाही. लेकीकडे एवढे दिवस राहून माणूस झाडं पाहून येतो, हे काही त्यांना पटलं नाही. नागपुरात काय झाडं कमी आहेत, असं एकाने विचारलंच. त्या सगळ्यांसाठी, आणि जे पुण्याला गेले तरी खराडी-मांजरीकडे फिरकणार नाहीत त्यांच्यासाठी, हे लिहितो आहे.

खरं तर मी झाडांसाठी गेलोच नव्हतो. एक वाक्य बोलायला गेलो होतो. माझी मुलगी प्रज्ञा खराडीच्या एका कंपनीत नोकरी करते. तिची आई, सुमन, दोन वर्षांपूर्वी गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून प्रज्ञा परत गेली, ती पुन्हा नागपूरला आली नाही. आधी मी विचारायचो, कधी येतेस म्हणून. एकदा फोनवर ती पटकन बोलून गेली, "घरी आता काय आहे, बाबा?" मी आहे, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "कडुनिंब आहे," आणि फोन ठेवला. त्यानंतर विचारणं बंद झालं. समोर बसून, तिच्याकडे बघून, "प्रज्ञा, एकदा घरी ये" एवढंच म्हणायचं, असं ठरवून जूनच्या सुरुवातीला मी तिच्याकडे गेलो.

खराडी

प्रज्ञाचं घर इतक्या वरच्या मजल्यावर आहे की गॅलरीतून खाली पाहिलं तर रस्त्याकडेची झाडं कोथिंबिरीच्या जुड्यांसारखी दिसतात. घर नीटनेटकं, हवेशीर. कूलर मात्र नाही. पुण्यात कूलर लावायची पद्धतच नाही. आमच्याकडे एप्रिल लागला की खिडकीत कूलर बसतो, वाळ्याच्या ताट्या भिजतात, आणि दुपारभर घरात पावसाळी वास असतो. इथे पाऊस लांबला होता, लोक घामाघूम होऊन "काय हे ऊन" म्हणत होते, आणि मी मनातल्या मनात हसत होतो. आमच्या मेमधे यांना एक दुपार उभं करावं असं वाटत होतं.

पोह्यांवर तर्री नाही, याची मात्र मला शेवटपर्यंत सवय झाली नाही. प्रज्ञा लिंबू पिळून, वर ओलं खोबरं घालून पोहे द्यायची. चांगले लागायचे. पण ते खाताना आपण कुणाकडे तरी पाहुणे आलो आहोत, असं वाटत राहायचं.

आणि पाहुणाच होतो मी. सकाळी नऊला ती कानाला हेडफोन लावून बसायची ती संध्याकाळ होईपर्यंत. "बाबा, तुम्ही रिलॅक्स करा ना," म्हणायची. मी जवळ जाऊन उभा राहिलो की एक बोट ओठांवर यायचं आणि दुसऱ्या हाताने ती मला खुर्ची दाखवायची. मग स्क्रीनकडे बघून कुणाला तरी इंग्रजीत विचारायची की माझा आवाज येतो आहे ना. मी खुर्चीत बसून राहायचो. तिचा आवाज मला छान येत होता, पण त्यात माझ्यासाठी काही नव्हतं.

पहिल्या रविवारी ती पहाटेच उठून बूट घालताना दिसली.

"काय करून राहिली तू? आज सुट्टी ना?"

"झाडं मोजायला जातेय. आमचा ग्रुप आहे. येता का?"

मी चपला शोधायला लागलो. जिथे हेडफोन नाही अशी कोणतीही जागा मला चालली असती.

या ग्रुपमधे सगळी साधी माणसं. नोकरीवाले, निवृत्त, कॉलेजातली पोरं. ज्याने त्याने आपापल्या भागातले काही रस्ते वाटून घेतले आहेत. वर्षातून एकदा प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा, सावली कुठवर पडते ते बघायचं, आणि उन्हाळ्यात झाडाखालचं आणि शेजारच्या उघड्या रस्त्यावरचं तापमान लिहून ठेवायचं. कोणतं झाड उन्हात टिकतं, कोणतं वावटळीत आडवं होतं, कोणाखाली माणसाला खरोखर गारवा मिळतो, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींतून कळावं आणि पुढे शहरात झाडं लावताना अंदाजपंचे कारभार होऊ नये, एवढाच हेतू. पैसे कोणी देत नाही, कोणी मागत नाही.

आमच्या गटाच्या नोंदी तपासायच्या शहाणेकाकू. बुधवार पेठेत त्यांच्या यजमानांचं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते गेले, मुलगा परदेशात, आता काकू एकट्याच. पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "तरुण मुलं सेल्फी काढत बसतात. हाक मारली तर ऐकू जात नाही."

प्रज्ञाने ओळख करून दिली तशा त्या म्हणाल्या, "आपण नागपूरचे का? मग उन्हाबद्दल आम्ही काही बोलायला नको."

"नाही नाही, तुमचंबी ऊन चांगलं आहे," मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मला कामाला लावलं. झाडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजतात. दर वेळी ते अंतर मोजत बसायला नको म्हणून प्रत्येकजण आपल्या अंगावरच खूण ठरवून ठेवतो. काकूंनी पट्टी लावून पाहिली. साडेचार फूट म्हणजे माझ्या शर्टाचं वरून दुसरं बटण. "तेवढं बटण तुटू देऊ नका," त्या म्हणाल्या, "नाहीतर आमचा अभ्यास खाली येईल." प्रज्ञाची खूण तिच्या खांद्यावर आहे, अगदी तिच्या आईसारखी. सुमनही माझ्यापुढे उभी राहिली की तिचा खांदा माझ्या त्या बटणाशी यायचा. हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

काम दोघांचं असतं. एकजण फितीचं शून्याचं टोक खोडाला धरून उभा राहतो, हलत नाही. दुसरा फीत घेऊन झाडाला वळसा घालतो आणि परत येऊन आकडा वाचतो. मला शून्य मिळालं. प्रज्ञा फिरायची. प्रत्येक झाडापाशी ती माझ्या डाव्या हाताने दिसेनाशी व्हायची आणि उजव्या हाताने परत यायची. दोन वर्षांत मी तिला इतक्या वेळा परत येताना पाहिलं नव्हतं. आपण मोजतो आहोत ते झाड कोणतं, हेही कधीकधी माझ्या ध्यानात राहायचं नाही.

खराडीत मोठमोठ्या कंपन्यांपुढे उंच, सरळसोट पाम लावले आहेत. त्यांच्याखाली आणि बाहेर तापमान सारखंच. काकू वर बघून म्हणाल्या, "हे झाड नव्हे. हा खांब आहे. दिवा तेवढा लावायचा राहिलाय." पुढे एका जुन्या चिंचेखाली भाजीवाल्याने गाडा लावला होता. तिथे थर्मामीटर टांगला, तेव्हा पारा खाली सरकताना मी डोळ्यांनी पाहिला. दुपारी परतताना मी पोरांना आमच्या पद्धतीने डोक्याला दुपट्टा बांधायला शिकवला, कान झाकून. काकूंनी तो बांधून घेतला नाही, पण बघितलं मात्र लक्षपूर्वक.

त्या रात्री जेवताना ते वाक्य म्हणणार होतो. प्रज्ञाचा फोन वाजला.

मांजरी

दुसऱ्या रविवारी प्रज्ञाच्या स्कूटरवर मागे बसून मांजरीला गेलो. एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. काही ठिकाणी तर उसाच्या शेताला लागूनच बांधकामाचे पत्रे उभे. त्या दोहोंच्या मधे, जुन्या रस्त्यावर एक वड आहे. प्रज्ञाच्या वाट्याच्या झाडांमधलं सगळ्यात मोठं. गेल्या वर्षी तिनेच त्याचा घेर मोजला होता, कॉलेजातल्या एका मुलीला घेऊन.

वटपौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. बुंध्याशी फणसाचे गरे, आंब्याच्या कोयी, सुकलेली फुलं. मी शून्य धरून दुसऱ्या बटणाशी उभा राहिलो, प्रज्ञा फीत घेऊन पलीकडे गेली. वड एवढा होता की ती दिसेनाशी झाली आणि लवकर परत आली नाही. पारंब्यांमधून वाट काढत असेल असं वाटलं.

"बाबा," ती पलीकडूनच म्हणाली.

"हं."

"तुम्हाला वाटतं ना, मी मुद्दाम येत नाही घरी?"

हातातली फीत ताणलेली होती, म्हणजे ती तिथेच उभी होती.

"मी दोनदा तिकीट काढलं होतं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा कॅन्सल केलं. मला सारखं एकच दिसतं. मी बेल वाजवते आणि दार तुम्ही उघडता. आईच उघडायची ना दार नेहमी. तुम्ही तर आतून ओरडायचे, कोण आहे म्हणून. आता तुम्हीच उघडणार. ते मला नाही झेपणार, बाबा."

बोलायचं ते वाक्य जिभेवर होतं, पण आता ते तिच्यावर टाकणं बरं नव्हतं. घरी ये म्हणणारा मी आणि दार उघडणारा मी, एकच की. मी म्हणालो, "बेल बिघडली आहे आपली. कडी वाजवा लागते."

पलीकडून हसल्याचा आवाज आला, नाक ओढल्याचाही. मग ती माझ्या उजव्या हाताने परत आली. डोळे लाल होते. घाईघाईने तिने आकडा वाचला, मोबाइलवर टाकला आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "बाबा, केवढा वाढलाय बघा हा एका वर्षात." तिला आनंद झाला म्हणून मलाही झाला. आम्ही दोघांनी रस्त्यावर उसाचा रस प्यायला आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शहाणेकाकूंचा फोन. प्रज्ञाने तो मलाही ऐकू यावा असा टेबलावर ठेवला.

"प्रज्ञा, वडाला तू ऊस समजलीस का?"

"काय झालं काकू?"

"एका वर्षात एवढा जाड होणारा वड पृथ्वीवर नाही. असेल तर आपण कळवायला हवं कुणाला तरी. परत जा आणि फितीखाली काय आहे ते हाताने चाचपून ये."

प्रज्ञा माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. दोघांनाही एकदमच उमगलं. वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात. आम्ही झाड नव्हे, सूत मोजून आलो होतो. आमच्या घरात हा सण नाही. सुमनने आयुष्यात कधी वडाला दोरा बांधला नाही, म्हणून मला ते सुचलं नाही असं म्हणता येईल. पण खरं कारण तेही नव्हतं. त्या वेळी आमच्या दोघांचंही झाडाकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्रज्ञाने अर्धा दिवस रजा टाकली. माझ्या मुक्कामातली तिची पहिली रजा. वडापाशी जाऊन पाहतो तर सुताचा जाडजूड पट्टाच. गेल्या वर्षी आजूबाजूच्या इमारतींत माणसं राहायला आली नव्हती. यंदा आली, आणि त्या सगळ्या बायकांनी मिळून एकाच वडाला गाठलं होतं. प्रज्ञाने पिशवीतून कात्री काढली, तेवढ्यात समोरच्या रसवंतीतून एक बाई लगबगीने आल्या. आम्ही त्यांच्याकडेच रस प्यायलो होतो.

"ओ ताई, तोडू नगा ते. आमचं सूत हाय त्यात."

प्रज्ञाने समजावून सांगितलं, झाड मोजायचं आहे, किती वाढलं ते बघायचं आहे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मोजा की. मोजायला कोण न्हाई म्हणतंय? तोडायचं कशापायी? वर सरकवा."

मग त्यांनीच पदर खोचला. आणखी दोघींना हाक मारली. चौघींनी मिळून खालून बोटं घालून तो सगळा पट्टा हळूहळू वर सरकवायला सुरुवात केली. कुठे गाठ अडकायची, कुठे साल टोचायची. "आवं पाव्हणं, तुमी बघत काय बसलाय, तिकडनं लावा हात," असं मला म्हटल्यावर मीही हात लावला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचं व्रत म्हणून ज्याच्याकडे पाहिलं, ते सूत माझ्या बोटांखाली होतं. मऊ होतं. त्यातला एकेक फेरा कोणीतरी, कोणाचं तरी माणूस आपल्याला परत परत मिळावं म्हणून घातला होता. माझा पुनर्जन्मावर विश्वास नाही. पण सुमन याच जन्मात आणखी काही वर्षं मिळती तर मला हवी होती, आणि त्यासाठी कुठे दोरा बांधून चालला असता, तर मी बांधला असता. हे मला त्या वडाखाली अगदी स्वच्छ कळलं.

सूत वर गेलं, साल उघडी झाली. मी शून्य धरलं, प्रज्ञा फिरून आली. वड गेल्या वर्षापेक्षा वाढला होता, पण अगदी थोडा. रसवंतीवाल्या बाईंनी आकडा विचारला आणि ऐकून म्हणाल्या, "हळू वाढतंय बिचारं." आम्हाला त्यांनी रस पाजला, बर्फ न घालता, आल्याचा.

बुधवार पेठ

निघायच्या आधीच्या रविवारी काकूंनी जेवायला बोलावलं. पुणेरी पाहुणचाराबद्दल आमच्याकडे जे काही बोललं जातं ते ऐकून मी घरून थोडं खाऊनच निघालो होतो. तो माझा या प्रवासातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. अळूचं फदफदं, मटकीची उसळ, गरम पोळ्या आणि आमरस. नको म्हटलं की काकू म्हणायच्या, "हो का? बरं," आणि वाढायच्या. दगडूशेठच्या गर्दीतून, पुस्तकांच्या आणि वायरींच्या दुकानांमधून वाट काढत आम्ही गेलो होतो. येताना मला चालवत नव्हतं.

काकूंचं घर दुकानाच्या वर. दुकान आता दुसऱ्या कोणी चालवायला घेतलं आहे. मधल्या खोलीत एक लाकडी खांब, जुना, चांगला जाड. जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, "काकू, तुमच्या वाट्याची पेठेतली झाडं तुम्ही कोणाबरोबर मोजता?"

"कोणाबरोबर नाही. एकटी."

"पण शून्य कोण धरते?"

त्या उठल्या आणि दोरीवरून कपडे वाळत घालायचा एक निळा चिमटा काढून आणला, एक सुतळी आणली. सुतळी खांबाभोवती फिरवून आणायची, जिथे भेटते तिथे चिमटा लावायचा, मग सुतळी सोडून फितीवर ठेवून मोजायची. मला करायला लावलं. पहिल्यांदा चिमटा उडाला आणि कॉटखाली गेला. प्रज्ञा हसत वाकली आणि तिनेच तो काढून दिला. दुसऱ्यांदा जमलं.

"ठेवा," काकू म्हणाल्या. "आपल्यालाही लागेल. एकट्या माणसाला लागतो."

त्यांच्या बोलण्यात नेहमीची धार नव्हती. मी चिमटा खिशात टाकला. प्रज्ञा खिडकीशी जाऊन खालची गर्दी बघत उभी राहिली.

स्टेशनवर ती डब्यापर्यंत आली. गाडी सुटायला वेळ होता, हेडफोन तिने घरीच ठेवले होते, आणि तरीही मी म्हणालो नाही. ती म्हणाली, "बाबा, घरचा कडुनिंब मोजून कळवाल? केवढा झालाय बघायचंय मला." मी म्हणालो, "कळवतो." गाडी हलली. एवढ्या लांब नेलेलं ते वाक्य मी जसंच्या तसं परत घेऊन आलो.

नागपूर

आमचा कडुनिंब कुणी लावलेला नाही. पाण्याच्या टाकीशेजारी आपला आपण उगवला. सुमनने त्याला कपड्यांच्या दोरीचं एक टोक बांधलं होतं. साल वाढत गेली तशी दोरी तिच्यात रुतली आणि तिथे आता खाच आहे. घरी पोचलो तेव्हा पहिलं पाऊल अंगणात टाकलं आणि त्या खाचेवर हात ठेवला. पुण्याच्या चिंचेखाली, वडाखाली उभा असताना मला या झाडाची किती आठवण येत होती, ते तेव्हा कळलं. आणि त्याहून जास्त, फितीच्या दुसऱ्या टोकाची.

रविवारी सकाळी प्रज्ञाचा फोन आला. मी फोन टाकीवर ठेवला, फीत उलगडली आणि शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी शून्य धरून कडुनिंबाला टेकून उभा राहिलो. उरलेली फीत जमिनीवर पडली होती.

"झालं का बाबा?"

"नाही होऊन राहिलं."

"का?"

"एकट्यानं नाही होत हे काम. दुसरं टोक घेऊन फिरायला माणूस लागते."

निळा चिमटा माझ्या खिशात होता. सुतळीही होती. आणि प्रज्ञाला ते माहीत होतं. कॉटखालून तो चिमटा तिनेच तर काढून दिला होता.

मला वाटलं, लाइन तुटली. मी शून्य सोडलं नाही.

"हो," ती म्हणाली. "एकट्यानं नाहीच होत. राहू द्या बाबा, तुम्ही नका मोजू. मी येते, मग मोजू."